संघाचे सदस्यत्व आणि घरची पूर्वतयारी



प्रादेशिक संघात सामील झाल्याने राष्ट्राचे हित साधते काय? आयर्लंडने १९६७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत केले आणि १९७३ मध्ये तो युरोपीय समुदायाचा सदस्य झाला. बाजारपेठ खुली झाली तेव्हा शिकलेली पिढी घडू लागली होती. परकीय उद्योगांना ती लाभली.

२०१० मध्ये आयर्लंड आणि ग्रीस दोघेही कर्जसंकटात सापडले. युरो स्वीकारल्यामुळे चलनाचे अवमूल्यन करण्याचा मार्ग दोघांनाही बंद होता. तरीही निर्यातक्षम उद्योगांच्या बळावर आयर्लंड २०१३ मध्ये मदत योजनेतून बाहेर पडला. ग्रीसच्या सुटकेस २०१८ साल उजाडले.

संघ बाजारपेठ देतो, निर्णयाचे काही अधिकार घेतो. लाभ किती, हे घरची पूर्वतयारी ठरवते. आणि तिचा आरंभ शाळेच्या वर्गात होतो.