आभाळाचा ठाव

४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री मुंबईच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद तेथील वृत्तपत्रात आहे. त्याच सुमारास मुंबई-एडन समुद्री तारेचे कामही विस्कळित झाले. मुंबईच्या उत्तरेस असलेल्या बारडोलीत त्या रात्री कोणी आभाळाकडे पाहिले असेल, तर त्यालाही तो दिसला असणे शक्य आहे. १९२८ च्या सत्याग्रहाचे हे गाव. आभाळातील घडामोडींशी त्याचे नाव कोणी जोडीत नाही.

एरवी हा प्रकाश ध्रुवांकडचा. सौर प्रवाहाने चेतलेले विद्युत्‌भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून खाली उतरतात, विरळ हवेवर आदळतात, आणि ती हवा उजळते. हे बहुधा शंभर किलोमीटरांहून वर घडते. मोठी अडचण आहे ती येथेच. फुगा तीस-चाळीस किलोमीटरांवर थांबतो. उपग्रह इतक्या खाली आला तर हवेच्या रोधाने लवकरच कोसळतो. खलाशी दोरीला शिसे बांधून पाण्याचा ठाव घेतो, तसा या मधल्या पट्ट्याचा ठाव अग्निबाणानेच घ्यावा लागतो. तो वर जातो, काही मिनिटे मापे घेतो आणि परत पडतो.

भारतापुढील प्रश्न मात्र ध्रुवांचा नव्हता. चुंबकीय विषुववृत्तावर, सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर, दिवसा विजेचा प्रबळ प्रवाह वाहतो. बारडोलीच्या उत्तरेस अहमदाबादेत डॉ. विक्रम साराभाई यांनी १९४७ मध्ये भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापिली होती. त्यांचे सहकारी, कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस, यांनी जागेसाठी केरळचा किनारा धुंडाळला. चुंबकीय विषुववृत्तालगतचे थुंबा हे कोळ्यांचे गाव निश्चित झाले.

२१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी तेथून अमेरिकन नायके-अपाचे अग्निबाण उडाला. त्यात फ्रान्समधून आलेले सोडियमचे उपकरण होते. वेळ साधणे फार नाजूक. लवकर सोडला तर आकाश उजळ. उशीर झाला तर वरच्या हवेवरूनही ऊन निघून जाते. खाली अंधारले आणि वर सूर्यकिरण उरले, तेवढ्यात सोडियमच्या वाफेचा केशरी ढग आभाळात पसरला. निरनिराळ्या ठिकाणांहून घेतलेल्या अशा ढगांच्या छायाचित्रांवरून तेथील वाऱ्याची दिशा व वेग काढता येतो. सुमारे शंभर किलोमीटरांच्या खाली असा ढग फाटून विस्कटतो, वर मात्र संथपणे पसरतो. हवा घुसळली जाण्याची सीमा त्यावरून डोळ्यांना दिसते.

भारतात बनलेला पहिला रोहिणी अग्निबाण थुंब्याहून २० नोव्हेंबर १९६७ रोजी उडाला. त्याचा व्यास अवघा ७५ मिलिमीटर होता.