कार्बुरेटरच्या स्क्रूला हात लावण्यापूर्वी



जोयडा तालुका विस्ताराने मोठा आणि वस्तीने विरळ. काळी नदीचे खोरे, सुपे धरणाचा पसरलेला जलाशय आणि भोवतालचे राखीव अरण्य यांमुळे येथील वाड्या एकमेकींपासून दूर पडलेल्या आहेत. अणशी, कुंभारवाडा, उळवी या बाजूच्या माणसाला इंजिनाचा एखादा सुटा भाग हवा असला, तर त्यासाठी जोयडा, रामनगर किंवा दांडेलीची वाट धरावी लागते. अशा मुलखात मोटारसायकल अडली की शिक्षक शाळेत पोहोचत नाही आणि आजाऱ्याला दवाखाना दूर होतो. सुपारीच्या बागेतील गवत कापणारे यंत्र अडले की मजूर दिवसभर बसून राहतात.

दिनांक १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे मानक लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींत बहुतेक ठिकाणी इंधन फवारणारी विद्युत्-यंत्रणा आली. तथापि त्यापूर्वीच्या असंख्य गाड्या, गवत कापणारी व कोळपणी करणारी लहान यंत्रे आणि खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या, चार फुगीर चाकांच्या, ए.टी.व्ही. नावाने ओळखल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्या आजही कार्बुरेटरवरच चालतात. ए.टी.व्ही.चे इंजिन तत्त्वतः मोटारसायकलीचेच असते. म्हणून पुढील विवेचन या सर्वांना लागू पडते.

कार्बुरेटरचे काम थोडक्यात असे. इंजिन हवा ओढते. ती हवा अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते व तेथील दाब उतरतो. त्या उतरलेल्या दाबामुळे खालच्या वाटीतील पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रातून वर येऊन हवेत मिसळते. एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा याहून अधिक झाली तर मिश्रण पातळ, पेट्रोल अधिक झाले तर दाट.

आता मुख्य मुद्दा. कार्बुरेटरच्या पुढे, म्हणजे कार्बुरेटर व इंजिन यांच्या मधल्या जोडात एखादी फट पडली, तर तेथून शिरणारी हवा कार्बुरेटरच्या हिशेबात येत नाही. तिच्या वाट्याचे पेट्रोल कोणी देत नाही. मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि बिघाड वाढत जातो. यातील फसवी गोष्ट ही, की आरंभी गाडी बिघडल्यासारखी वाटतच नाही. उलट ती हलकी पळते, आवाज चढा लागतो, आणि मालक समाधान पावतो. पुढे एखाद्या चढावर पिस्टन सिलिंडरला धरतो; मिस्त्री ज्याला सीझ होणे म्हणतात ते हेच. दहा-वीस रुपयांच्या गॅस्केटपायी सिलिंडर आणि पिस्टन दोन्ही बदलण्याची पाळी येते.

फटीची लक्षणे ओळखता येतात. अॅक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिनाचा वेग चटकन उतरत नाही. स्थिर उभ्या गाडीचा वेग आपोआप चढतो-उतरतो. गाडी उतारावर असता सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो. प्लग काढून पाहिला तर तो तपकिरी न दिसता पांढुरका दिसतो. अर्थात अॅक्सिलरेटरची केबल अडकली तरी वेग चढाच राहतो. केबलला थोडी ढील आहे आणि हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळविल्यावर वेग बदलत नाही, एवढे प्रथम पाहून घ्यावे.

यानंतर चोकची परीक्षा. इंजिन चांगले तापल्यावर चोक किंचित ओढावा. गाडी सुधारली तर मिश्रण पातळ आहे असे समजावे. गुदमरली तर पेट्रोल पुरेसे आहे. मिश्रण पातळ होण्याची कारणे मात्र दोन. जोडात फट असेल तर वेग बहुधा चढतो आणि भटकतो. लहान जेट कचऱ्याने तुंबला असेल तर इंजिन मंद वेगावर टिकत नाही, विझते. फार मोठ्या फटीनेही इंजिन विझते, म्हणून केवळ आवाजावर निर्णय देऊ नये.

फट शोधण्यास साबणाचे पाणी पुरते. इंजिन मंद वेगावर चालू ठेवून रबरी जोड, क्लिप आणि गॅस्केटच्या कडांना लहान ब्रशने पाणी लावावे. तापलेल्या सिलिंडरवर ते ओतू नये. फटीत पाणी ओढले गेले की क्षणभर हवा अडते आणि आवाज बदलतो. दोष तेथेच आहे. काही ठिकाणी याच कामासाठी पेट्रोल शिंपडण्याची रीत आढळते. तापलेला सायलेन्सर आणि प्लगची ठिणगी हाताशी असताना ही रीत जिवावर बेतणारी आहे. ती कोणीही वापरू नये.

रबरी जोड उन्हातान्हाने चिरतो, घराच्या पडवीत उंदीरही तो कुरतडतात. बाहेरून शाबूत दिसणारा जोड वाकवून पाहिल्याखेरीज चीर दिसत नाही. कार्बुरेटरच्या अलीकडे, एअर फिल्टरच्या बाजूस चीर असेल तर मिश्रणात फारसा फरक पडत नाही, परंतु उन्हाळ्यात जांभ्याच्या रस्त्यावरची तांबडी धूळ सरळ इंजिनात जाते व पिस्टनच्या रिंगा झिजवते.

गाडी काही अंतर चालून बंद पडत असेल आणि टाकीचे झाकण उघडताच पुन्हा चालत असेल, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे. मातीचे घर बांधणारी कुंभारीण माशी अशी छिद्रे आणि कार्बुरेटरच्या बारीक नळ्या लिंपून टाकते. गाडी बरेच दिवस उभी होती का, हे मालकाला विचारावे.

पावसाळ्यात पाण्याचा दोष अधिक. सध्याच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व ते ओलावा शोषून घेते. ओलावा वाढला की पाणी-इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसते. वाटीचा तळस्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावे, म्हणजे तळाचा थर डोळ्यांना दिसतो. ओढा ओलांडताना एअर फिल्टरमध्ये पाणी गेले असेल तर तोही पाहावा. स्पंजचा फिल्टर धुऊन, वाळवून, तेलाचा हात देऊन बसवावा. कागदी फिल्टर धुऊ नये. फिल्टर तुंबला तर मिश्रण दाट होते, काळा धूर येतो आणि प्लग काजळतो.

जेट स्वच्छ करण्यास पोलादी तार घालू नये. पितळेचे छिद्र केसभर वाढले तरी माप कायमचे बिघडते. सायकलच्या पंपाची हवा उत्तम.

इतके झाल्यावर स्क्रूचा विचार करावा. स्क्रू आत फिरवताना तो किती फेरे गेला हे मोजून लिहून ठेवावे, आणि टोकाशी आल्यावर आवळू नये. तो एअर फिल्टरच्या बाजूस असेल तर बहुधा हवेचा असतो, आत फिरवल्यास मिश्रण दाट होते. इंजिनाच्या बाजूस असेल तर बहुधा मिश्रणाचा, आत फिरवल्यास पातळ होते. हा भेद न जाणता केलेली दुरुस्ती उलटी पडते. कारवारहून घाट चढून जोयड्यास आले की गाडी बदलते, ही समजूतही तपासून घेण्यासारखी आहे. उंचीचा फरक पाचशे मीटरच्या आसपास. त्याने हवा सुमारे पाच टक्के विरळ होते. तेवढ्यासाठी स्क्रू फिरवण्याचे कारण नाही.

पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोक यंत्राची गोष्ट अधिक नाजूक आहे. त्यात मिश्रण क्रँकच्या पेटीतून जाते, म्हणून क्रँकचे रबरी सील गेले तरी हवा शिरते, आणि वंगणही इंधनाबरोबरच कमी पडते. बाहेरचे सर्व जोड ठीक असूनही वेग भटकत असेल, तर यंत्र चालवणे थांबवून सीलची दाब-परीक्षा अनुभवी फिटरकडून करून घ्यावी. गवताचा हंगाम संपल्यावर असे यंत्र ठेवताना टाकी रिकामी करावी आणि वाटीतील इंधन संपून इंजिन आपोआप थांबेपर्यंत ते चालू ठेवावे. तसे न केल्यास महिन्या-दोन महिन्यांत पेट्रोल आटून जेटमध्ये डिंकासारखा थर धरतो.