लोखंडावरचे भुकटीचे कवच



खिडकीची जाळी घ्यावयास जावे तर दुकानदार सांगतो, "पावडर कोटिंग आहे, गंजायची काळजीच नको." रत्नागिरीस समुद्राजवळच्या आमच्या घराला मी अशीच जाळी बसविली. दुसरा पावसाळा सरतो तोच तिच्या कडांवर फोड आले. नखाने टोकरले, तो पापुद्राच हातात आला आणि खाली तांबूस गंज! दोष कोणाचा?

ही भुकटी म्हणजे नुसता रंग नव्हे. तीत मुख्य असते राळ, पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी. शिवाय तिला घट्ट करणारे द्रव्य, रंगद्रव्य, खनिजांची भर आणि लेप सारखा पसरावा म्हणून चिमूटभर इतर द्रव्ये. हे सारे वितळवून मळतात, थंड करून दळतात. पातळ रंगातून उडून जाणारे द्रावक येथे नाहीच. १९५० नंतरच्या दशकात एर्विन गेमर या जर्मन संशोधकाने हवेने खेळत्या ठेवलेल्या भुकटीत तापलेली वस्तू बुडविण्याची रीत काढली. पुढे विजेची पिचकारी आली. तिच्यामुळे भुकटीवर विद्युत्‌भार चढतो व जमिनीशी जोडलेली वस्तू तिला ओढून घेते. मग सुमारे १८० ते २०० अंश सेल्सियसच्या भट्टीत १० ते २० मिनिटे. भुकटी वितळते, पसरते आणि तिच्या रेणूंच्या एकमेकांत गाठी बसतात. त्या सुटत नाहीत; म्हणून हा लेप पुन्हा तापविला तरी वितळत नाही.

मग माझी जाळी का गंजली? इपॉक्सी असती तर उन्हाने तिच्यावर खडूसारखी पूड धरली असती; बाहेरच्या कामाला पॉलिएस्टरच हवे. येथे पूड नव्हती, लेपच सुटला होता. गंज न पोचलेल्या जागीही पापुद्र्याखाली लोखंड उघडे लखलखत होते; फॉस्फेटचा थर दिलेलाच नव्हता. लेप अवघा ६० ते ८० मायक्रॉनचा, केसाएवढा. त्याने धरावे कशाला? त्यात वितळताना तो धारदार कडेवरून मागे सरतो व तेथे पातळ राहतो. शिवाय जाळी बसविताना पाडलेली भोके तशीच उघडी राहिली; ती चूक माझ्या देखरेखीची. खारी ओल तेथून शिरली आणि लेपाखालून पसरत गेली.

तेव्हा मंडळी, दुकानदाराला रंग दाखवा म्हणण्याआधी, रंगापूर्वी काय केले ते विचारा. तेल व गंज काढला काय? फॉस्फेट दिले काय? कडा कानशीने गोल केल्या काय? समुद्रकाठी खाली जस्ताचा थर असल्यास उत्तम. कवच कितीही चांगले असो, ते अंगाला धरून बसले तरच रक्षण करते.