सहलीचे वय

बेंगळूरच्या पूर्व अंगाला असलेल्या मारतहळ्ळीचे नाव प्रथम कानी पडले म्हणजे मराठी माणसाला वाटते, हे गाव कोणा मराठ्यांनीच वसविले असावे. व्युत्पत्ती काहीही असो, आज तेथे मराठी बोलणारी घरे आहेत एवढे मात्र खरे. संगणकाच्या कामानिमित्त सांगली, नाशिक, नागपूर अशा ठिकाणांहून आलेली तरुण जोडपी तेथल्या बाह्य वर्तुळमार्गाच्या आसपास उभ्या राहिलेल्या उंच इमारतींतून राहतात. आजी-आजोबा गावी असतात आणि नातवंडांच्या सुटीचा सुमार पाहून चार-सहा आठवडे येऊन राहतात. अशा एखाद्या घरात एप्रिल महिना लागला की एक प्रश्न हमखास निघतो. वरवर तो अगदी क्षुल्लक आहे, पण त्याचे उत्तर देणे सोपे नाही.

प्रश्न सहलीचा असतो. म्हैसूर रस्त्यावर बिडदीजवळ २००५ साली ‘वंडरला’ नावाचे मोठे क्रीडा-उद्यान सुरू झाले. आकाशात फिरणारे पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, कृत्रिम लाटांचा तलाव, असे सारे तेथे आहे. घरातली मुलगी सात वर्षांची, मुलगा नुकताच तीन पुरा झालेला. आई-वडील, दोन मुले आणि गावाहून आलेली आजी अशी पाच माणसे सारे शहर ओलांडून तेथे न्यायची, म्हणजे दिवस तर मोडतोच, आणि खिसाही बऱ्यापैकी हलका होतो. वडील म्हणतात, “धाकट्याला यातले काय आठवणार आहे? दोन वर्षे थांबू. तोही मोठा होईल, खर्चाचे चीज होईल.” आई हळूच म्हणते, “दोन वर्षांनी आईंचे गुडघे साथ देतील का?” आजी पदराने चष्मा पुसत गप्प बसते. हे घर कल्पनेतले आहे, पण ज्या श्रोत्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांना ते परके वाटणार नाही.

व्यवहाराचे नियम या बाबतीत आई-वडिलांना भलतीच घाई करायला लावतात. आपल्या रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला, त्याच्यासाठी वेगळी जागा मागितली नाही तर, तिकीट पडत नाही. म्हणून ‘पाच पुरी होण्याच्या आत एकदा दिल्ली-आग्रा उरकून घेऊ’ असा हिशेब कित्येक घरांत होतो. क्रीडा-उद्यानाच्या दाराशी तर वयही विचारीत नाहीत. तेथे उंची मोजण्याची पट्टी असते. त्या पट्टीपर्यंत मुलाचे डोके पोचले की नाही यावरून तिकिटाचा दर ठरतो आणि कोणत्या पाळण्यात बसू द्यायचे तेही ठरते. मुलाच्या स्मरणाची उंची मोजण्याची पट्टी मात्र अजून कोणी दाराशी लावलेली नाही.

ती पट्टी शोधण्याचा प्रयत्न मानसशास्त्रज्ञ सव्वाशे वर्षांहून अधिक काळ करीत आले आहेत. १८९५ साली कॅरोलाइन माइल्स या अमेरिकन विदुषीने प्रौढ माणसांना त्यांची सर्वांत जुनी आठवण विचारली. ती सरासरीने तीन वर्षांच्या वयाची निघाली. पुढे फ्रॉइडने १९०५ साली या अंधाऱ्या कालखंडाची चर्चा करून ‘बाल्यविस्मृती’ची कल्पना रूढ केली. त्याने दिलेली कारणमीमांसा आज कोणी फारशी मानीत नाही, पण वस्तुस्थिती ढळलेली नाही. बहुतेक माणसांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते आणि सहा-सात वर्षांपर्यंतच्या आठवणी तुटक, विरळ असतात.

यावरून मारतहळ्ळीच्या वडिलांची बाजू बळकट झाली असे वाटेल. परंतु येथेच एक मौजेचा पुरावा आड येतो. हॅमंड व रॉबिन फायव्हुश यांनी १९९१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा विषय नेमका हाच होता. फ्लॉरिडातील डिस्ने वर्ल्डला घरच्यांबरोबर जाऊन आलेली अठ्ठेचाळीस मुले त्यांनी निवडली. त्यांतली निम्मी सहलीच्या वेळी तीन वर्षे पुरी करून थोडी पुढे गेलेली, तर निम्मी चार वर्षे पुरी केलेली होती. काहींना सहलीनंतर सहा महिन्यांनी, तर काहींना तब्बल दीड वर्षाने बोलते केले. मुले विसरली नव्हती. दीड वर्षानंतरही त्यांनी पुष्कळ आणि बरोबर सांगितले. फरक एवढाच, की मोठी मुले आपण होऊन तपशिलाने बोलत, आणि लहानांना पुनःपुन्हा विचारावे लागे. आणखी एक गोष्ट दिसून आली, आणि तीच सर्वांत मोलाची आहे. ज्या घरांत त्या सहलीविषयी अधिक बोलणे झाले होते, तेथल्या मुलांना अधिक आठवत होते.

म्हणजे तीन वर्षांचे मूल आठवण साठवीत नाही, हे खरे नव्हे. ते साठविते आणि मग गमावते. हे गमावणे केव्हा घडते तेही पॅट्रिशिया बॉवर व मरीना लार्किना यांनी २०१४ साली दाखवून दिले. तीन वर्षांच्या मुलांनी आपल्या आयांशी केलेली बोलणी त्यांनी टिपून ठेवली होती. प्राणिसंग्रहालय, वाढदिवस, पहिला शाळेचा दिवस असे त्यांचे विषय. पुढे त्याच मुलांना निरनिराळ्या वयांत गाठून पाहिले. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्या प्रसंगांपैकी साठ टक्क्यांहून अधिक आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांत ते प्रमाण चाळीस टक्क्यांच्या खाली उतरले. आपल्या बाळपणाचा पहिला भाग आपण मोठेपणी विसरतो असे आपल्याला वाटते, पण खरे पाहता तो बाळपणातच, दुसरी-तिसरीच्या बाकावर बसल्या बसल्या हातून सुटतो.

असे का व्हावे? मेंदूत आठवणींची नोंद करणारा जो भाग आहे, त्यात बाल्यावस्थेत नव्या पेशींची भर झपाट्याने पडत असते. शीना जॉसेलिन व पॉल फ्रँकलंड यांनी २०१४ साली उंदरांवर प्रयोग करून असे दाखविले, की ही भर वाढविली तर जुन्या आठवणी पुसल्या जातात आणि ती मंदावली तर टिकतात. घराचे बांधकाम चालू असताना भिंतीवर लिहिलेला हिशेब गिलाव्याखाली जावा, तसे काहीसे हे आहे. उंदरांवरून माणसाविषयी किती बोलावे याचे तारतम्य अर्थातच राखले पाहिजे.

दुसरे कारण भाषेचे आहे. न्यूझीलंडमधील गॅब्रिएल सिमकॉक व हार्लीन हेन यांनी २००२ साली लहान मुलांसमोर एक जादूचे यंत्र ठेवले. त्यात मोठे खेळणे घातले की तसेच छोटे खेळणे बाहेर येई. सहा महिन्यांनी, वर्षाने मुलांना विचारले, तेव्हा चित्रे ओळखण्यात ती पटाईत निघाली. परंतु सांगताना, प्रसंग घडला त्या वेळी जे शब्द त्यांना येत होते तेवढेच ती वापरू शकली. मधल्या काळात शिकलेले शब्द त्या जुन्या आठवणीला लावता आले नाहीत. अनुभव ज्या शब्दांत बांधला गेला, त्याच गाठोड्यात तो राहिला.

मारतहळ्ळीच्या मराठी घरात हा मुद्दा एकदम जिव्हाळ्याचा होतो. तेथले मूल आजीशी मराठी बोलते, शाळेत इंग्रजी, खाली अंगणात हिंदी, आणि भाजीवाल्याशी थोडी कन्नड. व्हिऑरिका मॅरियन व उल्रिक नायसर यांनी २००० साली रशियन व इंग्रजी अशा दोन भाषा बोलणाऱ्या तरुणांचा अभ्यास केला. रशियनमध्ये प्रश्न विचारला तर त्यांना रशियन बोलण्याच्या काळातले प्रसंग अधिक आठवत, आणि इंग्रजीत विचारला तर इंग्रजीतले. यावरून तर्क करायचा तर असा, की तीन वर्षांच्या मुलाने पाण्याची लाट अंगावर घेताना ‘आजी, बघ!’ असे ओरडून घेतलेला अनुभव पुढे त्याला मराठीत विचारला तर लवकर सापडेल. त्या घरातली मराठी पुढल्या दहा वर्षांत विरत गेली, तर त्या दिवसाकडे जाणारी एक वाटही बुजेल. परगावी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी मुलांची मराठी टिकवावी, असे सभा-संमेलनांतून नेहमी सांगितले जाते. त्यासाठी संस्कृतीची थोर कारणे दिली जातात. हे लहानसे घरगुती कारण त्यांत सहसा कोणी सांगत नाही.

बोलण्याचा हा महिमा केवळ प्रयोगशाळेतला नाही. न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या पहिल्या आठवणी इतरांपेक्षा लवकरच्या, सुमारे अडीच-पावणेतीन वर्षांच्या असतात, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. त्यांच्यात जन्माच्या, कुळाच्या, गतकाळाच्या गोष्टी सांगण्याची परंपरा जोरकस आहे, असे त्याचे कारण संशोधक देतात. आपल्याकडेही हे अपरिचित नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली असतील त्यांना आठवेल, की १८५७ च्या धामधुमीत आजोबांना झालेल्या फाशीची हकिकत त्या डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगतात. लक्ष्मीबाईंचा जन्म मात्र १८६८ चा. घरात सांगितलेली गोष्ट माणसाची स्वतःची होते, ती अशी.

यात एक धोका आहे, तोही सांगितला पाहिजे. २००२ साली एलिझाबेथ लॉफ्टस व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही तरुणांना डिस्नेच्या उद्यानाची एक जाहिरात दाखविली. तीत बग्ज बनी नावाच्या सशाचे चित्र होते. नंतर त्यांतल्या काहींनी सांगितले, की लहानपणी आपण त्या सशाशी तेथे हस्तांदोलन केले होते. ही गोष्ट घडणेच शक्य नव्हते, कारण तो ससा वॉर्नर या दुसऱ्याच कंपनीचा! आज तर प्रत्येक खिशात छायाचित्र घेणारा दूरध्वनी आहे. धाकट्याला पुढे जे आठवेल ते पाणी आठवेल की पाण्याचे चित्र, हे त्यालाही सांगता येणार नाही. परंतु ‘तू तेव्हा कित्ती हसला होतास’ असे आपणच त्याच्या तोंडी घालण्यापेक्षा ‘मग काय झाले?’ असे विचारून थांबावे, हे बरे. पहिल्यात आठवण आपली असते, दुसऱ्यात त्याची.

मुलांना काय आठवेल याचा अंदाजही मोठ्यांना क्वचितच येतो. मुंबईजवळ गोराई येथे १९८९ साली ‘एस्सेल वर्ल्ड’ सुरू झाले. त्या काळात शाळेत असलेली पिढी आता चाळिशीच्या आसपास आली आहे. त्यांच्यापैकी कोणालाही विचारून पाहावे. आकाशपाळण्यांइकीच, कदाचित अधिकच, खाडी ओलांडताना लागणारी ती बोट निघेल, डब्यातला लिंबू-भात निघेल, कोणाची वाऱ्यावर उडालेली टोपी निघेल. तिकिटाचे पैसे ज्यासाठी भरले ते राहते बाजूला, आणि फुकटातले टिकते.

तेव्हा हिशेबच मांडायचा झाला, तर असा मांडता येईल. मुलाच्या मनात आपोआप, कोणी न सांगता टिकावी अशी सहल हवी असेल, तर सहा-सात हे वय चांगले. मारतहळ्ळीच्या त्या मुलीचे आज तेच वय आहे. धाकट्यासाठी थांबले तर थोरली नऊ वर्षांची होईल. तिची या दोन वर्षांची उत्सुकता कोणी परत देणार नाही. धाकट्याचा अनुभव राखता येतो, पण त्यासाठी घरच्यांना वर्षानुवर्षे बोलत राहावे लागते, आणि त्याला ऐकणारा नव्हे, सांगणारा करावे लागते. हे काम दिवसाचे दहा तास कचेरीत घालविणाऱ्या आई-वडिलांपेक्षा आजीला अधिक जमते. वडिलांच्या हिशेबात आजी ही खर्चाच्या बाजूला, पाचवे तिकीट म्हणून धरलेली होती. तेथेच त्यांची चूक होत होती.

आणि आठवणच राहणार नसेल तर आनंद वाया गेला, हे तरी कोणी ठरविले? सहा महिन्यांच्या बाळाला आपण अंगाई म्हणतो ती त्याने पुढे म्हणून दाखवावी म्हणून नव्हे. तीन वर्षांचा मुलगा त्या दिवशी हसतो तो त्या दिवसापुरता पुरा हसतो. त्याला पाहून आजी हसते, आणि तिच्या स्मरणशक्तीविषयी अजून तरी कोणी शंका घेतलेली नाही.

जून लागला की ती गावी परत जाईल. रविवारी सायंकाळी दूरध्वनी येईल, पडद्यावर तिचा चष्मा आणि अर्धे कपाळ तेवढे दिसेल. “पाण्यात कोण पडलं होतं रे?” ती विचारील. “बाबा!” “मग?” धाकटा थोडा वेळ आठवून पाहील. “मग बाबांची चप्पल गेली.” “कुठं गेली?” आणि तो, जेवढे मराठी शब्द त्याच्यापाशी असतील तेवढे गोळा करून, सांगू लागेल.