कलेची मालकी आणि रसिकाचा अपराध

(छत्रपती संभाजीनगर येथील व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या तरुणाने आपल्याजवळचे गाणे किंवा चित्रपट इंटरनेटवरून दहाजणांना विनामूल्य दिला, तर कायद्याने त्याला गुन्हेगार ठरवावे काय, हा आजच्या विवेचनाचा प्रश्न आहे. प्रश्न वरकरणी किरकोळ दिसतो. पण मालमत्ता म्हणजे काय, श्रमाचे मोल कोणाच्या पदरात पडते आणि समाजाच्या सांस्कृतिक ठेव्यावर कोणाची सत्ता चालते, हे तिन्ही जुने प्रश्न त्याच्या मुळाशी आहेत. म्हणूनच समाजवादी विचाराच्या माणसाला तो बाजूस सारता येत नाही.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ अन्वये जाणूनबुजून स्वामित्वहक्काचा भंग करणाऱ्यास ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. भंग व्यापारी लाभासाठी केलेला नसेल, तर न्यायालयाला विशेष कारणे नमूद करून शिक्षा सौम्य करता येते. मात्र गुन्हा हा गुन्हाच राहतो. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचा निर्वाळा दिला. म्हणजे वॉरंटाशिवाय अटक करण्याचा अधिकार पोलिसांच्या हाती आला. दुसऱ्या बाजूने, मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले, की नुसते पाहणे हा अपराध नव्हे. अपराध आहे तो वितरणाचा, विक्रीचा आणि जाहीर प्रदर्शनाचा. पाहणारा सुटला, देणारा अडकला. परंतु देणारे दोन प्रकारचे असतात. एक आपल्याजवळचे दुसऱ्याला देतो. दुसरा देण्याचा धंदा करून त्यावर जाहिराती व पैसा मिळवतो. या दोघांतील भेद आपल्या कायद्याने कलमात न मांडता न्यायाधीशाच्या मर्जीवर सोडला आहे. सर्व वादाची ग्यानबाची मेख येथे आहे.

आता कायद्यावरून परंपरेकडे वळू. या शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे. तेथे शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीच्या उपलब्ध पोथ्या ताडून पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली. तीन शतके लोक ज्ञानेश्वरी मुक्तपणे उतरवून घेत होते, वाचीत होते, गात होते. त्या मुक्त प्रसारामुळेच ती जिवंत राहिली. आणि त्यातूनच पाठभेद व भेसळही शिरली. नाथांनी उतरवून घेण्यास मनाई केली नाही. त्यांचा आक्षेप ग्रंथात स्वतःची ओवी घुसडण्याला होता. संतांनी अभंगाच्या अखेरीस आपली नाममुद्रा घातली, तिचा अर्थही हाच. गाणे सर्वांचे, पण ते कोणाचे म्हणून गायचे, याविषयी तडजोड नाही.

ही रीत केवळ संतकाळापुरती नव्हती. लोककवी वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) यांनी आंबेडकरी चळवळीची हजारो गीते रचली व गावोगावी हिंडून गायिली. ती गीते वस्तीवस्तीत पोचली ती कोणा कंपनीच्या परवानगीने नव्हे. ऐकणाऱ्यांनी ती पाठ केली, वहीत उतरवली, पुढे कॅसेटवर भरून घेतली. आणि अगदी अलीकडे बसस्थानकाजवळच्या दुकानात पैसे मोजून मोबाइलच्या मेमरी कार्डात भरून घेतली. मिलिंद महाविद्यालयाच्या या नगरीला हा इतिहास सांगण्याची आवश्यकता नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र वामनदादांच्या रचनांवरील हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत अबाधित आहे, आणि ती वही, ती कॅसेट, ते कार्ड यांतील बरेच काही बेकायदेशीर ठरू शकते. ज्या गीतांनी माणसांना उभे केले, ती देणे-घेणे गुन्हा ठरवणारा कायदा कोणाच्या हिताचा, हे विचारावेच लागेल.

यावर कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते: हा कायदा कलावंताच्या हिताचा आहे. ते तपासून पाहिले पाहिजे. १९६० च्या दशकात लता मंगेशकर यांनी पार्श्वगायकांना ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीतून रॉयल्टी मिळावी, असा आग्रह धरला. मोहम्मद रफी यांचे मत वेगळे पडले, आणि या वादापायी काही वर्षे दोघांनी एकत्र गाणे थांबवले. ज्यांचा आवाज देशभर विकला जात होता, त्यांनासुद्धा विक्रीतील वाटा मागावा लागत होता. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी गीत व संगीत करून घेतले असेल, तर, उलट करार नसल्यास, त्याचा मालक निर्माता होय. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालाला स्वतंत्र टिपण जोडून कलावंतांच्या या स्थितीकडे संसदेचे लक्ष वेधले. संसदेला जाग येण्यास पस्तीस वर्षे लागली. मे २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा, चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या रॉयल्टीत समान वाटा मान्य केला आणि तो करारातूनही सोडून देता येणार नाही, अशी तरतूद केली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता. तोवर कलावंताच्या नावाने चालवलेला कायदा वस्तुतः गिरणीमालकाप्रमाणे तयार मालाच्या मालकालाच राखीत होता.

तथापि यावरून सगळेच वाटप निरुपद्रवी आहे, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. 'सैराट' एप्रिल २०१६ मध्ये प्रदर्शित झाला, त्याच्या चोरट्या प्रती मोबाइलवर फिरल्या, आणि तरीही तो मराठीतील कमाईचा विक्रम करून गेला, हे उदाहरण वारंवार दिले जाते. पण कर्ज काढून केलेल्या, मोजक्या चित्रपटगृहांत एखादाच आठवडा मिळालेल्या छोट्या मराठी चित्रपटाचे तसे नसते. त्याची प्रत पहिल्याच दिवशी फुटली, तर त्या निर्मात्याचा पुढचा चित्रपट बहुधा होत नाही, आणि त्याबरोबर प्रकाशयोजनेच्या कामगारापासून रंगभूषाकारापर्यंत अनेकांची मजुरी बुडते. चित्रपट हे सामूहिक श्रमाचे फळ आहे. श्रमाला दाम मिळाला पाहिजे, हे तत्त्व कारखान्याच्या दारात सांगायचे आणि कलेच्या दारात विसरायचे, हे समाजवाद्याला शोभणारे नाही.

मग मार्ग कोणता? तो सार्वजनिक वाचनालयाने दाखवून दिला आहे. निजामी राजवटीत मराठवाड्यातील वाचनालयांनी मराठीला आधार दिला. हा भाग हैदराबाद राज्यात असतानाच, १९५५ साली, येथे ग्रंथालय कायदा झाला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. एक पुस्तक शंभर जण वाचतात, याला कोणी चोरी म्हटले नाही. प्रकाशकांचा धंदा बुडाला नाही. उलट वाचक तयार झाला. समाजाने खर्च उचलला, लेखकाचे पुस्तक विकत घेतले आणि वाचकाला नाममात्र वर्गणीत ते खुले केले. गाणे व चित्रपट यांना हाच न्याय लावता येईल काय, एवढाच खरा प्रश्न आहे.

अन्यत्र या दिशेने पावले पडली आहेत. पश्चिम जर्मनीने १९६५ च्या कायद्यानेच ध्वनिमुद्रण यंत्रांवर आकार बसवला. लोक घरी गाणी उतरवणार हे मान्य करून, त्यांच्यावर पाळत ठेवण्याऐवजी त्या आकाराची रक्कम कलावंतांच्या संस्थांमार्फत वाटण्याची पद्धत तिने स्वीकारली. स्वित्झर्लंडमध्ये खाजगी वापरासाठी उतरवून घेणे कायदेशीर आहे. फ्रान्सच्या लोकसभेने डिसेंबर २००५ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. ठराविक मासिक वर्गणी देणाऱ्याला इंटरनेटवर परस्परांत देवाणघेवाण करण्याची मुभा देणारी दुरुस्ती तिने मंजूर केली. परंतु मोठ्या कंपन्या व सरकार यांच्या विरोधापुढे ती मार्च २००६ मध्ये मागे घेण्यात आली. कल्पना अव्यवहार्य ठरली नाही. तिला राजकीय बळ अपुरे पडले.

भारतात असा आकार मोबाइल विकत घेणाऱ्या गरिबावर बसवणे अन्यायाचे होईल. या देवाणघेवाणीवर खरा नफा कमावतात त्या डेटा विकणाऱ्या दूरसंचार कंपन्या आणि जाहिरातींवर चालणारी मोठी व्यासपीठे. बोजा त्यांच्या उत्पन्नावर पडला पाहिजे, आणि तो ग्राहकावर ढकलला जाणार नाही याची दक्षता नियामकाने घेतली पाहिजे. जमा रक्कम कोणाच्या हाती जाईल, ही शंकाही रास्त आहे. कॉपीराइट संस्थांच्या नियामक मंडळात लेखक-कलावंत आणि मालक यांची संख्या समान असावी, असे २०१२ च्या दुरुस्तीने ठरवले आहे. ते पुरेसे नाही. शाहीर, लोकगायक, वाद्यवादक, ज्यांच्या नावावर कोठलाही करार नाही, त्यांनाही या वाट्यात स्थान हवे.

मुदतीचाही फेरविचार झाला पाहिजे. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली निवर्तले. त्यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपणार होता, तेव्हा विश्वभारतीच्या हितासाठी ५० वर्षांची मुदत सर्वांसाठी ६० करण्यात आली. एका संस्थेची सोय झाली आणि सबंध देशाचा ठेवा आणखी १० वर्षे कुलपात गेला. आंतरराष्ट्रीय करारांना पन्नास वर्षे पुरेशी आहेत. तेथवर परत येण्यास कोणताही अडसर नाही. कुलपे किती गुंतागुंतीची आहेत, हे 'श्यामची आई'वरून कळते. साने गुरुजींच्या पुस्तकावरील हक्क २०१० अखेर संपला, १९५३ च्या चित्रपटावरील हक्क २०१३ अखेर संपला; पण त्यासाठी आचार्य अत्रे यांनी लिहिलेल्या शब्दांची मुदत २०२९ अखेरपर्यंत आहे. सामान्य माणसाने काय दाखवावे नि काय दाखवू नये, हे वकिलाला विचारूनच ठरवायचे काय?

मालकी म्हणजे जतन, हा समजही खरा नाही. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ साली मुंबईत तयार झाला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. बहुसंख्य मूकपटांची तीच गत झाली. मालक होते, हक्क होते; प्रती मात्र राहिल्या नाहीत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये उभे राहिले, तोपर्यंत पुष्कळ काही नष्ट झाले होते. इंद्रायणीत बुडवलेली गाथा लोकांच्या मुखी राहिली, असे आपण श्रद्धेने सांगतो. अनेकांच्या हाती प्रत असणे हाच जतनाचा भरवशाचा उपाय आहे, हे त्या कथेतील व्यवहारज्ञान आहे.

सारांश, मागण्या पाच आहेत. व्यापारी लाभाविना होणारे वाटप फौजदारी कायद्यातून पूर्णपणे वगळावे. नव्या चित्रपटाला प्रदर्शनानंतर ठराविक काळ दिवाणी संरक्षण द्यावे, आणि तो उलटल्यावर विनानफा देवाणघेवाण सशुल्क परवान्याखाली, म्हणजे कंपन्यांवरील आकारातून कलावंताला मोबदला देऊन, कायदेशीर करावी. चोरट्या प्रतींचा धंदा करणाऱ्यांवरील कारवाई चालू ठेवावी. मुदत ५० वर्षांवर आणावी आणि मुदत संपलेले चित्रपट व गाणी शासकीय संग्रहालयांनी इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य खुली करावीत. आणि कलावंताचे नाव पुसणे किंवा त्याच्या कृतीत भेसळ करणे, मग ते कंपनीने केलेले असो वा रसिकाने, कोठेही क्षम्य मानू नये.

या मागण्या प्रथम कलावंतांच्या संघटनांनी उचलल्या पाहिजेत. आज कंपन्या त्यांना सांगतात, की तुमचा शत्रू तो मोबाइलवाला पोरगा आहे. त्या पोरग्याला तुरुंगात टाकून कोणाही शाहिराच्या घरात एक रुपया आलेला नाही. कलावंत आणि श्रोता हे दोघेही ज्याच्या दारात उभे आहेत, त्या मालकाकडे दोघांनी मिळून हिशेब मागितला, तरच हा प्रश्न सुटण्याच्या वाटेला लागेल.