रुईवरील फुलपाखरू आणि त्याचा अमेरिकेतील भाऊबंद
(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



शाळेच्या वाटेवर, पडीक जागेत, रुईची झुडपे आपण पाहिली असतील. काळ्या किनारीचे एक नारिंगी फुलपाखरू त्यांच्याभोवती संथपणे घिरट्या घालीत असते. हेच प्लेन टायगर. उत्तर अमेरिकेत याच कुळातील मोनार्क आढळते. ते आकाराने मोठे असून त्याच्या पंखांवरील शिरा शाईने आखल्यासारख्या ठळक काळ्या असतात. आपल्या फुलपाखराचा पंख त्या मानाने कोरा वाटतो.

दोघांच्याही अळ्या चीक असलेल्या झाडांवर वाढतात. चिकातील विष अंगात मुरते, म्हणून एकदा चव घेतलेला पक्षी सहसा पुन्हा वाटेला जात नाही. संथ उडण्याची चैन परवडते ती यामुळेच!

आयुष्यक्रम मात्र अगदी निराळा. आपल्याकडे रुई बारमाही हिरवी; तेव्हा प्लेन टायगरला दूर जाण्याची तशी निकड नसते. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडील मोनार्कचे खाद्य थंडीत मरून जाते. म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस जन्मलेली पिढी तीन-चार हजार किलोमीटर उडत जाऊन मेक्सिकोतील डोंगरांवरच्या झाडांवर विसावते. एरवीच्या पिढ्या काही आठवडेच जगतात; ही मात्र सात-आठ महिने. परतीच्या वाटेवर ती अंडी घालून मरते आणि पुढील प्रवास मुले-नातवंडे पुरा करतात. म्हणजे मेक्सिकोत येणाऱ्या फुलपाखराने ती जागा पूर्वी कधी पाहिलेलीच नसते.

ही जागा शोधण्यासाठी टोरांटोचे प्रा. फ्रेड उर्कहार्ट व त्यांच्या पत्नी नोरा यांनी शेकडो हौशी मंडळींच्या मदतीने पंखांना कागदी चिठ्ठ्या चिकटविल्या. जानेवारी 1975 मध्ये त्यांच्या मदतनीसांना ठिकाण सापडले. (गावकऱ्यांना ते ठाऊक होतेच!) पुढील वर्षी उर्कहार्ट स्वतः तेथे गेले, तेव्हा चिठ्ठी लावलेले एक फुलपाखरू हाती लागले. ती चिठ्ठी मिनेसोटातील एका शाळामास्तरांनी व त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी लावलेली होती. मला या हकिकतीत हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

1996-97 च्या हिवाळ्यात मोनार्कने तेथील सुमारे 18 हेक्टर रान व्यापले होते. 2023-24 मध्ये अवघे 0.9 हेक्टर. तणनाशकांनी शेतांतील त्याचे खाद्य गेले, डोंगरावरील झाडेही तोडली गेली. आपली रुईदेखील निरुपयोगी म्हणूनच उपटली जाते.

तेव्हा मुलांनो, उद्या रुईची पाने उलटून पाहा. काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी दिसली तर तिच्या अंगावरील काळ्या शिंगांच्या जोड्या मोजा. मोनार्कला दोन असतात, हिला तीन भरतील. रुईचा चीक मात्र डोळ्यांत जाऊ देऊ नका.