वर्गांतर किती घ्यायचं?

आज थोडं गणित बोलणार आहे, पण रेडिओ बंद करू नका. विषय घरचाच आहे.

माझे वडील, अण्णा, साताऱ्याला एकटे राहतात. मधुमेह जुना. रोज सकाळी उपाशीपोटी आणि रात्री जेवणाआधी ते बोटाला टोचून साखर मोजतात आणि आकडा व्हॉट्सॲपवर मला इकडे न्यू जर्सीला पाठवतात. ६० दिवसांचे १२० आकडे जमले, तेव्हा मी एक्सेलमध्ये त्यांचा हिस्टोग्राम काढला. शाळेत आपण त्याला आयतालेख म्हणायचो.

मी ५०-५० चे वर्ग केले. ५० ते १०० मध्ये ४१ आकडे, १०० ते १५० मध्ये ५२, १५० ते २०० मध्ये २० आणि त्यापुढे फक्त ७. छान एक टेकडी दिसली. मी लगेच फोन केला, "अण्णा, तुमचं उत्तम चाललंय." अण्णा खूश, मीही खूश.

आठवीतली मुलगी शेजारी बसून गृहपाठ करत होती. तिने विचारलं, "बाबा, पन्नासच का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. गोल आकडा म्हणून घेतला होता, इतकंच.

आता बघा, सकाळची साखर ९५ असली तर आपण निश्चिंत होतो. पण ७० च्या खाली गेली की ती कमी समजतात. ५८ म्हणजे घाम, थरथर, तोल जाऊन पडायची भीती. मी ९५ आणि ५८ एकाच डब्यात भरून वर झाकण लावलं होतं.

आम्ही २० चे वर्ग घेतले, ५० पासून सुरू केले. ५० ते ७० मध्ये ९ आकडे, ७० ते ९० मध्ये अवघे ४ आणि ९० ते ११० मध्ये एकदम ४६. म्हणजे डावीकडे एक छोटा ढीग वेगळाच उभा होता. त्या नऊ आकड्यांच्या तारखा काढल्या. नऊच्या नऊ शुक्रवार सकाळ! अण्णांचा गुरुवारचा उपवास असतो. रात्री नुसतं ताक पितात, पण गोळी मात्र नेहमीसारखी घेतात.

आयतालेखाने कारण सांगितलं नाही. कुठे बघायचं, तेवढं दाखवलं. तेही वर्ग बदलल्यावर.

मग वर्गांतर ठरवायचं कसं? एक जुना ठोकताळा आहे, हर्बर्ट स्टर्जेस यांनी १९२६ साली मांडलेला. दोनाचा कितवा घात घेतला की आपल्या एकूण आकड्यांएवढी संख्या येते, ते बघा आणि त्यात एक मिळवा. दोनाचा सातवा घात १२८, आमचे आकडे १२०, म्हणून साधारण आठ वर्ग. अण्णांचे आकडे ५६ ते २४६, म्हणजे १९० चा पल्ला. भागिले आठ, साधारण २४. म्हणून २० किंवा २५ घेऊन बघायचं.

पण ठोकताळ्यावर थांबू नका. दोनचे वर्ग केले तर दात पडलेला कंगवा दिसतो, ५० चे केले तर सगळं एकात एक मिसळतं. दोन-तीन वर्गांतरं घेऊन बघा. जो ढीग प्रत्येक वेळी टिकतो, त्याच्याकडे लक्ष द्या.

सुरुवात कुठून करता, तेही बघा. आम्ही २० चेच वर्ग ४० पासून सुरू केले असते, तर ६० ते ८० या वर्गात ७० ची सीमा मधोमध बुडाली असती. ज्या आकड्यावर निर्णय बदलतो, तो वर्गाच्या काठावर यायला हवा. आणि बरोबर ७० आला तर? शाळेतला नियम आठवा: तो पुढच्या वर्गात, ७० ते ९० मध्ये.

मी अण्णांना पुन्हा फोन केला आणि आधीचं "उत्तम" परत घेतलं. तारखांची यादी घेऊन ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी गुरुवार रात्रीच्या गोळीबद्दल वेगळी सूचना दिली. उपवास सोडायला अण्णा तयार नाहीत, पण आता ताकाबरोबर दोन घास भगर खातात.

तुमच्याही फोनमध्ये आईबाबांचे असे आकडे पडून असतील. या रविवारी काढा, मुलांना शेजारी बसवा आणि वर्ग बदलून बघा. काही वेगळं दिसलं, तर गोळ्यांचा निर्णय मात्र डॉक्टरांनाच घेऊ द्या.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.